मरीआईचा गाडा मी ओढला नाही

जमादारानं कंबरेचा पट्टा काढला आणि गजांमधून आत टाकला.

"घे," तो म्हणाला. "मार अंगावर. पोरगी आली तुझी. तिला दाखव, कसा मारून घेत होतास ते."

बा कोठडीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. अंगावर बनियन आणि चड्डी. धोतर काढून घेतलं होतं, फास लावून घेईल म्हणून. मी गजांपाशी भाकरीचं गाठोडं धरून उभी. माय माझ्या मागं, तोंडात पदराचा बोळा. टेबलापाशी दोन शिपाई चहा पीत होते. एकानं बशी खाली ठेवली आणि टेबलावर बोटांनी ताल धरला. गुबू गुबू, गुबू गुबू. पोतराजाच्या ढोलक्याची नक्कल. दुसरा हसायला लागला.

"नाच की रं, पोतराजा. देवीम्होरं नाचायचास ना? सायबाम्होरं लाज वाटून राह्यली का?"

बा उठला. मला वाटलं, आता हा नाचतो. त्यानं पट्टा उचलला, झटकला, नीट गुंडाळी केली आणि गजांतून हात बाहेर काढून जमादाराच्या पायाशी ठेवला.

"तुमची वस्तू, साहेब."

जमादारानं बाहेर आलेल्या त्या हातावर बूट ठेवला. घाईनं नाही. सावकाश. आणि माझ्याकडं बघत राहिला. बा ओरडला नाही. मीच ओरडले. मग त्यानं बूट काढला, माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, सोडलं, आणि भाकरीत काय लपवलंय बघतो म्हणून खिशातला पेन काढून प्रत्येक भाकरीत खुपसला. निळ्या शाईचे डाग पडले. ती भाकरी बानं खाल्ली. आमच्यासमोर खाल्ली, म्हणजे मायला समाधान वाटावं.

बाचा गुन्हा काय होता? चोरी नाही. मारामारी नाही. दारूसुद्धा नाही. त्यानं देवी सोडली होती.

आमचं गाव गोदावरीच्या काठाला, शहागडपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आम्ही मांग. आमच्या घराकडं पिढ्यान्पिढ्या पोतराजपण. बा जन्मला तेव्हाच त्याला मरीआईला सोडलेला. त्याच्या केसांना कधी कात्री लागली नव्हती. ते देवीचे केस. कंबरेला खणांचा घागरा, पायात चाळ, कपाळभर मळवट, हातात कोरडा, म्हणजे वळलेला आसूड. माय डोक्यावर देव्हारा घेऊन ढोलकं वाजवायची आणि बा गावाच्या दारोदार उघड्या पाठीवर कोरडा ओढायचा. फटाक्. बाया सुपातून ज्वारी घालायच्या, लांबून. लेकरं टाळ्या पिटायची. घरी आल्यावर माय त्याच्या पाठीला हळद-तेल लावायची आणि बा पालथा पडून दात आवळायचा. लोकांना वाटायचं देवी अंगात असली की लागत नाही. लागायचं. मी बघितलंय.

शाळेत पोरं मला बघून आपल्याच पाठीवर दप्तराचा पट्टा मारून घ्यायची. मास्तर बघायचे आणि फळ्याकडं वळायचे.

आणि गाडा. ते नीट सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावात हगवण-उलटीची साथ आली की गाव मरीआईचा गाडा काढायचं. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, नारळ. गाड्याला दोरी. ती दोरी पोतराजानं ओढायची, वाजतगाजत, थेट शिवेपर्यंत. शिवेपलीकडं गाडा ढकलून द्यायचा आणि मागं वळून न बघता परत यायचं. म्हणजे रोगराई गावाबाहेर गेली. गेली कुठं? तर पुढच्या गावात. आणि प्रत्येक गावाच्या शिवेला पहिलं घर कुणाचं असतं? मांगांचं. आपला रोग आपल्याच हातानं ओढत नेऊन आपल्याच माणसांच्या दारात टाकायचा, अशी ती रीत होती. ज्यानं काढली तो मोठा हुशार असला पाहिजे.

माझी आत्या खालच्या गावात दिलेली होती. शिवेलगतच तिचं घर. एका वर्षी बानं गाडा नेला, आणि आठवडा व्हायच्या आत आत्याचं तान्हं हगवणीनं गेलं. आत्या आली, बाच्या दारात बसली आणि म्हणाली, "दादा, तू आणून टाकलास." एवढंच म्हणाली. पाणीही न पिता गेली. बा त्या दिवसापासून नीट जेवला नाही. गाड्यानं रोग पसरत नाही, पाण्यानं पसरतो, हे त्याला पुढं जालन्याच्या सभेत कुणीतरी समजावून सांगितलं. पण त्याचं मन आत्याच्या त्या एका वाक्यापाशीच मोडलं होतं. बाकी सगळं नंतर.

जालन्याला त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिथंच केस कापून आला. उंबऱ्यात उभा राहिला तर मी ओळखलंच नाही. डोकं केवढंसं दिसत होतं. माय धाय मोकलून रडली. चुलता म्हणाला, "मांगाचा पोर हायेस, बौद्ध कसला होतोस? जातीतून बी जाशील आन् गावातून बी." बानं खिळा ठोकला. भिंतीला बुद्धाची तसबीर लावली आणि मला हात जोडायला सांगितलं नाही. म्हणाला, "तुला पटलं तर जोड. माझ्यावानी जन्मतानाच कुनाला सोडलेली न्हाईस तू." मी जोडले. मला पटलं म्हणून नाही, बा आवडायचा म्हणून. पटलं पुढं.

आता त्याची चूक. दीक्षा घेतल्यावर बाकीचे लोक घरातले देव गोदावरीत सोडून देत. बानंही तसंच केलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण बाचा स्वभाव! उसनं आणलेलं भांडं घासून परत करणारा माणूस. तो म्हणाला, "हे माझं न्हाई, गावाचं हाये. तिचं तिला नेऊन देतो." चाळ, कोरडा, घागरा धुऊन घडी केला. आणि जालन्याहून जपून आणलेली कापलेली जट पांढऱ्या फडक्यात बांधली. तीही देवीचीच ना, जन्मापासून राखलेली. सकाळी उजेडात, सगळ्यांदेखत तो मरीआईच्या ओट्यावर गेला, सगळं तिच्यापुढं मांडलं आणि चार पावलं मागं सरून निघून आला. नमस्कार केला नाही. अपमानही केला नाही. पाटील तेव्हा पारावरच बसले होते. बघितलं, पान थुंकले आणि पुन्हा गप्पांत रमले.

पावसाळ्यात साथ आली. गावात दोन लेकरं गेली. पाटलांनी बाला बोलावणं धाडलं. पारावर सगळं गाव जमलेलं. बा खाली उभा, मी त्याच्या धोतराला धरून.

"गाडा काढायचा हाये," पाटील म्हणाले. "उद्या दोरी धर."

"मालक, पानी उकळून प्या. आडात दवा टाकायला दवाखान्यातून मानूस आणतो मी. गाडा मी ओढनार न्हाई."

"कामून?"

"मी आता तिचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. बानं देवीच्या ओट्यावर माणसाचे केस टाकून विटंबना केली, गावाच्या धार्मिक भावना दुखावल्या, म्हणून देवी कोपली, अशी फिर्याद. केस ठेवून महिने झाले होते. तेव्हा भावना दुखल्या नव्हत्या. जावळ काढल्यावर अख्खं गाव लेकरांचे केस त्याच ओट्यावर ठेवायचं, तेव्हाही कधी दुखल्या नव्हत्या. गुन्हा केसांचा नव्हताच. "मी आता तिचा न्हाई" याचा होता.

जालन्याच्या लोकांनी वकील दिला. कोर्टानं जामीन दिला, पण जामीनदार आणा म्हणाले, तालुक्यातला, सातबारावर नाव असलेला. आमच्या मांगवाड्यात कुणाच्या नावावर ढेकूळ नव्हतं. एक अंबडचे मास्तर तयार झाले, त्यांच्याकडं शेत नव्हतं. गावातल्या एका शेतवाल्याकडं माय गेली, भला माणूस होता. तो मायच्या पायाशी बसून रडला आणि म्हणाला, "वयनी, माझं पानी पाटलाच्या हिरीवरून येतंय." त्याला दोष देऊन काय करू? बाची रवानगी कोठडीतून शहरातल्या मोठ्या तुरुंगात झाली.

मग एके दिवशी पाटील स्वतः मांगवाड्याच्या तोंडाशी आले. आत नाही आले. मायला बाहेर बोलावलं. आवाज अगदी मऊ.

"हे बघ, तुमच्या धरमाचं आमाला काही न्हाई. बुद्ध माना न्हाईतर कोनाला बी माना. नवऱ्याला म्हन, येकदाच दोरी धर. मनातून न्हाई केलं तरी चालंल. गावाचा मान राहतो. मी फिर्याद मागं घेतो, बिलकुल घेतो."

माय आणि मी तुरुंगात गेलो. बारीक जाळीपलीकडं बा. गालफडं बसलेली. मायनं सगळं सांगितलं आणि पदर पसरला. खरोखर पसरला, जाळीपुढं. "येकदाच," ती म्हणाली. "मनातून नका करू."

"मनातून करत व्हतो तवा मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "आता म्हाईत हाये. आता केलं तर मी चोर. मंग त्यांचा खटला खरा."

घरी आल्यावर माय पाटलांकडं गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "मान घराचा हाये. घरातल्या कोनीबी दोरी धरली तरी चालतं म्हनले."

घरात कोण होतं? मी.

मायला मी बोल लावत नाही. तिला नवरा पाहिजे होता. मलाही बाप पाहिजे होता, तिच्यापेक्षा काकणभर जास्तच. सकाळी तिनं मला न्हाऊ घातलं, केस मोकळे सोडले, कपाळभर हळदीकुंकू फासलं. ओट्यापुढं गाडा सजलेला. सगळं गाव. पाटलीणबाई तांब्या घेऊन पुढं आल्या आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. वरून. तांब्या माझ्या पायाला लागू नये एवढ्या उंचीवरून. मग वाकून नमस्कार केला, हात न लावता. एकामागून एक बाया आल्या, सगळ्या तशाच. माझ्या पायावरून वाहणाऱ्या पाण्यापासून लुगडं उचलून धरत होत्या आणि तोंडानं "आई, आई" म्हणत होत्या. मी त्यांची आई. आदल्या दिवशी त्यांच्याच आडावर घागर टेकवली म्हणून मला शिव्या मिळाल्या होत्या. मला त्या क्षणी जी शिसारी आली ती अजून गेली नाही. शिव्या परवडल्या असत्या.

पाटील जवळ आले. "वढ," ते हळूच म्हणाले. "तिकडं गाडा सोडला की इकडं तुझा बाप सुटला."

मी दोरी हातात घेतली. खरं सांगते, ओढणार होते. बा घरी येणार, एवढंच डोक्यात होतं. ढोलकं सुरू झालं. गाड्याचं तोंड खालच्या गावाकडं होतं. तिकडं पहिलं घर आत्याचं. तिला पुन्हा लेकरू झालेलं होतं, रांगत होतं. गाड्यानं रोग पसरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी गाडा घेऊन तिच्या दाराशी उभी राहिले असते आणि तिनं मला बघितलं असतं. बाच्या जागी मी. आणि बा तिकडं जाळीपलीकडं खंगत बसलेला, कशासाठी? मी हेच ओढावं म्हणून?

मी दोरी खाली टाकली. कपाळावरचं कुंकू परकराच्या घोळानं पुसलं. ढोलकं थांबलं.

"काय झालं?" पाटील.

"मी बौद्ध हाये," मी म्हणाले. "तुमचा रोग तुमी न्या."

मायनं मला तिथंच मारलं. गावादेखत, चपलेनं, हात दुखेपर्यंत. कुणी सोडवलं नाही. मग ती माझ्याशेजारीच धुळीत बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, "आता न्हाई सुटायचे गं ते, आता न्हाई सुटायचे." मी रडले नाही.

पुढच्या भेटीत मायनं जाळीपाशी उभं राहून माझी कागाळी केली. बानं मला विचारलं, "कोनी शिकवलं तुला?"

"कोनीच न्हाई."

तो रडायला लागला. बाला रडताना मी त्या एकदाच बघितलं. पाठीची सालटी निघाली तेव्हा रडला नव्हता, हातावर बूट आला तेव्हाही नाही. जाळी बारीक होती, बोटसुद्धा पलीकडं जात नव्हतं. त्यानं जाळीवर तळहात टेकवला, मी इकडून टेकवला. शिपाई म्हणाला, चला, वेळ झाली. डोळे पिवळे दिसत होते बाचे. मला वाटलं रडल्यामुळं.

कावीळ होती. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. निरोप आला तेव्हा मी शाळेत होते. पायात बेडी तशीच होती म्हणतात, खाटेला बांधलेली. निकाल कधी लागलाच नाही. आरोपी मयत, प्रकरण बंद. माझा बाप निर्दोष होता असं या देशातल्या कुठल्याही कोर्टानं आजपर्यंत म्हटलेलं नाही. हे लिहिताना हात थांबतो. इतकी वर्षं झाली, तरी थांबतो.

गावात म्हणायचे, पोरीनं बापाला मारलं. मायही म्हणायची. रागात आली की म्हणायची, म्हातारी होईस्तोवर म्हणायची, आणि मग मलाच कुशीत घेऊन झोपायची. मी तिला कधी उलट बोलले नाही. पण इथं बोलते. मी नाही मारलं. ज्यांनी कोंडलं त्यांनी मारलं. कोंडणाऱ्याची सुटका करून द्यायची आणि खापर पोरीच्या डोक्यावर फोडायचं, हा धंदा आता बंद करा.

मी नर्स झाले, लग्न झालं, एक लेक झाली. वडीगोद्रीजवळ माझ्या नावावर थोडी जमीन घेतली. रेडिओवर बातम्या ऐकायची सवय लागली. जगात कुठं कुठं माणसं आत आहेत, या देशात, त्या देशात. कुणी चारजणांत बसून प्रार्थना केली म्हणून, कुणी बापजाद्यांचा देव मानेना म्हणून, कुणाची पोथीच सरकारला नको म्हणून. सांगणाऱ्या बाईचा आवाज कोरडा, हवामान सांगावं तसा. त्या सगळ्यांपुढं म्हणे एक कागद धरतात. एकदा सही कर आणि घरी जा. मी चुलीपुढं बसून ऐकायचे आणि तव्यावरची भाकरी करपायची. त्यांची भाषा मला येत नाही. पण त्यांच्या दारात कोण मऊ आवाजात बोलत असेल ते मला माहीत आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंकुशनगरच्या रस्त्याला ऊसतोड्यांच्या वस्तीवर मी लेकरांना डोस पाजायला जायचे. तिथलं एक ख्रिस्ती जोडपं रविवारी झोपडीत प्रार्थना घ्यायचं. चारदोन माणसं जमायची, बस. एका रविवारी टोळकं आलं, आणि मारणाऱ्यांना सोडून पोलिसांनी त्या नवऱ्यालाच उचललं. बाटवाबाटवी करतो म्हणून. बायको तशीच कडेवरच्या लेकरासकट माझ्याकडं आली.

मी तिला घेऊन ठाण्यात गेले. आतून दोघी एकसारख्याच घाबरलेल्या. साहेब तरुण, शिकलेला. त्यानं मला खुर्ची दिली.

"सिस्टर, तुमचा काय संबंध? तुम्ही तर बौद्ध ना?"

"व्हय."

"मग? हे बघा, मला त्याला ठेवायची हौस नाही. नुसतं लिहून देऊ दे की पुन्हा प्रार्थना घेणार नाही. मनातून नसलं तरी चालेल. आत्ता सोडतो."

तोच मऊ आवाज. कोठडीत तो माणूस माझ्याकडं बघत होता, लिहून देऊ का विचारत असल्यासारखा. मी मान हलवली नाही. होयही नाही, नाहीही नाही. तो त्याचा निर्णय. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "न्हाई, साहेब."

"त्याला कोर्टात न्या," मी म्हणाले. "जामीन मी ऱ्हाते. माझा सातबारा हाये."

कोर्टात मी सही केली. तो सुटला. पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा प्रार्थना घेतली, आणि मला बोलावलं. मी गेले नाही. त्याचा देव मला मान्य नाही. मला कुठलाच देव मान्य नाही. त्यानं माझ्यासाठी प्रार्थना केली म्हणे, ती त्याची खुशी.

सोयरे मला समजावतात. उगाच कशाला लष्कराच्या भाकरी भाजतेस, जमीन जाईल, नोकरी जाईल. जाऊ दे. माझ्या दाराशी कुठल्याही धर्माचं माणूस या कारणासाठी आलं, नाहीतर कुठलाच धर्म न मानणारं आलं, तर मी त्याला जात विचारणार नाही, देव विचारणार नाही. उठणार आणि कोर्टात जाणार. आणि उद्या माझ्यापुढं कुणी कागद धरला, म्हणाला एकदाच, तर मी आत जाऊन बसेन. माझ्या लेकीलाही मी सांगून ठेवलंय. मला सोडवायला येशील तर जामीनदार घेऊन ये. माफी घेऊन आलीस तर दारातूनच परत जा. मी सही करणार नाही. मनातून नाही, वरवरसुद्धा नाही.